अंगावर जाण्याचा मोह

लहान चणीच्या बॉक्सरला पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट शिकवली जाते. समोरचा उंच आहे, वजनदार आहे, त्याच्या हाताचा पल्ला तुझ्यापेक्षा लांब आहे; तेव्हा त्याच्यासमोर थांबू नकोस. पाय हलते ठेव, बाजूनं शिर, दोन ठोसे मार आणि निघ. त्याचा ठोसा हवेत गेला की त्याचीच ताकद खर्ची पडते. सरावात हे पोराला पटतं आणि जमतंही. मग खऱ्या लढतीत, सगळं नीट चाललेलं असताना, तो एकाएकी पाय रोवतो, हनुवटी खाली घालतो आणि ठोशाला ठोसा द्यायला लागतो. प्रेक्षक उठून उभे राहतात. ज्यानं त्याला शिकवलं, तो माणूस मात्र कॉर्नरमध्ये ओरडत राहतो आणि त्याचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही.

हे असं का होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. ‘डोकं फिरलं’ हे त्याचं नेहमीचं उत्तर. ते अपुरं आहे आणि अन्यायाचंही आहे. लहान अंगाचा लढवय्या मोठ्याच्या अंगावर जातो त्यामागे कधी शुद्ध हिशेब असतो, कधी थकवा, कधी जखम, कधी यशाची चढलेली धुंदी, तर कधी आपल्याच माणसाचा मनाला लागलेला शब्द. बाहेरून ही सगळी धाव सारखीच दिसते. आतून ती वेगवेगळी असते, आणि तो फरक ओळखता आला तर एखाद्या पोराचा जबडा, डोळा, क्वचित जीवही वाचू शकतो.

हा विषय मी कर्जत-खालापूरच्या मातीत उभा राहून मांडतो आहे, याला कारण आहे. बॉक्सिंगच्या इतिहासात या दोन तालुक्यांचं नाव नाही. पण लहानानं मोठ्याशी कसं लढावं, याचा महाराष्ट्रातला एक अत्यंत स्वच्छ धडा इथेच, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत घडला. तिथे जाण्याआधी रिंगणातली एक रात्र पाहू.

१८ जून १९४१. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान, पन्नास हजारांहून जास्त प्रेक्षक. जगज्जेता हेवीवेट जो लुई आणि त्याच्यासमोर पिट्सबर्गचा बिली कॉन. कॉन खरा लाइट-हेवीवेट. त्या गटातलं आपलं जगज्जेतेपद सोडून तो वरच्या गटात आला होता. जाहीर झालेल्या वजनांनुसार लुई साडेनव्वद किलोंचा, कॉन एकोणऐंशीचा. बारा फेऱ्या कॉननं पुस्तकात लिहावं तसं बॉक्सिंग केलं. आत-बाहेर, डावीकडून-उजवीकडून, लुईचा हात पोचेपर्यंत हा तिथून गेलेला. बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता, तिसरीवर बरोबरी होती. लढत पंधरा फेऱ्यांची. उरलेल्या तीन फेऱ्या सांभाळून काढल्या असत्या तर जगज्जेतेपद त्याचंच होण्याची मोठी शक्यता होती. बाराव्या फेरीत तर लुई त्याच्या ठोशानं डगमगला होता. कॉर्नरमधली माणसं सांगत होती, लांब राहा. तेराव्या फेरीत कॉन आत शिरला, कारण आता त्याला लुईला पाडायचंच होतं. फेरी संपायला दोन सेकंद उरली असताना कॉन स्वतः बाद झाला.

कॉन चिडलेला नव्हता, घाबरलेला नव्हता, हरतही नव्हता. तो जिंकत होता म्हणून फसला. मोठ्याला गुणांवर हरवणं त्याला पुरेसं वाटेना. लहानानं मोठ्याला चकवलं तर लोक म्हणतात निसटला. पाडलं तर म्हणतात जिंकला. अंगावर जाण्याच्या मोहाचं हे मूळ फार खोल आहे. लहान असणाऱ्याला नुसता विजय नको असतो. आपण लहान नाही, हे त्याला त्याच रात्री, सगळ्यांसमोर सिद्ध करायचं असतं.

आता याची दुसरी बाजू. अंगावर जाणं म्हणजे प्रत्येक वेळी योजना सोडणं असं मानलं, तर बॉक्सिंगमधला निम्मा शहाणपणा आपल्याला दिसणारच नाही. ज्याचा हात आखूड, त्याला लांबून मारताच येत नाही. लांब पल्ल्याचा बॉक्सर डाव्या हाताच्या जॅबनं एक कुंपण घालतो. त्या कुंपणाच्या बाहेर सुरक्षित राहता येतं, पण तिथून गुण मिळत नाहीत. आखूड हाताच्या माणसाचं जे काही बळ आहे ते कुंपणाच्या आत, छातीला छाती लागेल इतक्या जवळ असतं. तिथे लांब हात अडचणीचा होतो. तो वाकायला, फिरायला जागा मागतो. अशा बॉक्सरसाठी जवळ जाणं हाच डाव असतो. धोका असतो तो मधल्या दोन पावलांत, जिथे मोठ्याचा ठोसा पोचतो आणि आपला पोचत नाही.

जो फ्रेझर आयुष्यभर ती दोन पावलं ओलांडत राहिला. उंची सहा फुटांना थोडी कमी. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्यासमोर सहा फूट तीन इंचांचा मोहम्मद अली होता. फ्रेझर कमरेतून झुलत, डोकं सतत हलवत, एक ठोसा खाऊन दोन देत आत शिरत राहिला. पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकनं अली जमिनीवर आला आणि तिन्ही पंचांनी फ्रेझरला विजयी ठरवलं. त्याचं ते आत शिरणं कुणाला रांगडं वाटेल, पण त्यातली प्रत्येक हालचाल सरावात घोटलेली होती.

तोच फ्रेझर, तीच पद्धत, २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. समोर जॉर्ज फोरमन. अली मागे सरत मारायचा, त्यामुळे फ्रेझरला पुढे यायला वाट मिळायची. फोरमन मागे सरेना. तो दोन्ही हातांनी फ्रेझरला ढकलून हव्या त्या अंतरावर उभा करायचा आणि खाली झुकलेल्या डोक्याला खालून वर येणाऱ्या ठोशावर घ्यायचा. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा खाली पडला. त्याचं धैर्य दोन वर्षांत कमी झालं नव्हतं. बदललं होतं एवढंच, की अंतर आता फोरमन ठरवत होता.

या पुस्तकाचा कणा या एका वाक्यात आहे: लहानानं जवळ जावं की नाही, हा खरा प्रश्न नाही, जवळ जाण्याची जागा आणि वेळ कुणी निवडली, हा खरा प्रश्न आहे. हीच कसोटी घेऊन आता उंबरखिंडीत जाऊ.

१६६१ सालची सुरुवात. शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसलेला. उत्तर कोकण ताब्यात घेण्यासाठी त्यानं कारतलबखान या उझबेक सरदाराला मोठी फौज देऊन घाटाखाली पाठवलं. फौजेबरोबर माहूरची कर्तबगार सरदारीण रायबाघन होती. बोरघाटाची नेहमीची वाट सोडून खान लोणावळ्याच्या दक्षिणेकडून, कुरवंड्याच्या घाटानं उतरू लागला. शिवाजी महाराजांनी त्याला उतरू दिलं. घाटमाथ्यावर अडवलं नाही, उतारावर छेडलं नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या मोहिमेचं तपशीलवार वर्णन आहे: दाट रान, अरुंद वाट, तहानेनं आणि उकाड्यानं हैराण झालेली माणसं. सारी फौज खिंडीच्या चिंचोळ्या पोटात शिरल्यावर २ फेब्रुवारीला दोन्ही अंगांनी मावळे तुटून पडले.

बॉक्सिंगच्या नजरेनं पाहिलं तर इथे काय झालं? मोठ्याचं मोठेपणच निकामी झालं. उघड्या मैदानात ती फौज पसरली असती, वेढा घालू शकली असती. खिंडीत पुढचा मागे वळू शकत नव्हता आणि मागचा पुढे येऊ शकत नव्हता. संख्या होती, पण ती एका वेळी वापरता येत नव्हती. लांब हाताला वाकायला जागाच उरली नाही. मावळे भिडले ते अगदी जवळून, पण तो जवळपणा महाराजांनी आधीच निवडून ठेवला होता. आजही खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळून अंबा नदीच्या काठी चावणीजवळ गेलं की तिथलं विजयस्मारक आणि भोवतीचे डोंगर पाहून हे लगेच समजतं. तरुण बॉक्सर घडवणाऱ्या प्रत्येकानं आपल्या मुलांना एकदा तरी तिथे न्यावं, असं मला मनापासून वाटतं. अंतर म्हणजे काय, हे तिथली जमीन स्वतः शिकवते.

उंबरखिंडीतल्या आणखी एका व्यक्तीकडे लक्ष द्यायला हवं, ती म्हणजे रायबाघन. लढत हाताबाहेर गेली हे तिनं ओळखलं आणि खानाला शरण जायला सांगितलं. खानानं ऐकलं. खंडणी आणि साहित्य मागे ठेवून त्याला आणि उरलेल्या फौजेला जीव घेऊन जाता आलं. मोठ्याच्या बाजूला त्या दिवशी ‘थांब’ म्हणणारं माणूस होतं, आणि त्याचं ऐकलं गेलं.

याउलट नेसरी. खालापूर तालुक्यातलं चौक हे नेताजी पालकरांचं गाव मानलं जातं. १६६६ मध्ये नेताजी स्वराज्यातून गेल्यावर सरनौबतीची जबाबदारी कुडतोजी गुजरांवर, म्हणजेच प्रतापरावांवर आली. पुढे १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाला पाण्यापासून तोडून कोंडीत पकडलं. अगदी उंबरखिंडीच्या वळणाचा हा डाव होता. खान विनवण्यांवर आला आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. तो पुन्हा चालून आला. महाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला; खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा त्याचा आशय परंपरेनं जपला आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लजजवळच्या नेसरीला, दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत, प्रतापराव अवघ्या सहा स्वारांसह खानाच्या फौजेवर धावून गेले. सातही जण पडले.

खिंड दोन्हीकडे होती. उंबरखिंडीत महाराज वाट पाहत थांबले होते, नेसरीत प्रतापराव स्वतः आत शिरले. दहा महिन्यांपूर्वी ज्या सेनापतीनं पाणी तोडून अख्खी फौज नमवली, त्याला डावपेच येत नव्हते असं कोण म्हणेल? त्यांना डावपेच ठाऊक होते. पण त्या दिवशी जागा त्यांनी निवडली नव्हती, ती मनाला लागलेल्या शब्दानं निवडली. आणि ते सेनापती असल्यामुळे ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सोबतच्या सहांपैकी कुणालाच नव्हता.

प्रतापरावांच्या हौतात्म्याबद्दल मनात अपार आदर ठेवूनच मी हे लिहितो. तो आदर खरा असेल तर त्यांच्या मरणातून शिकण्याची तयारीही हवी. स्वतः महाराजांनी त्यांची कन्या जानकीबाई हिला राजारामांसाठी सून करून घेतलं. कठोर शब्द किती खोल जातो, हे त्यांना उमगलं असणार. प्रशिक्षकांनी, आई-वडिलांनी, मोठ्या भावांनी हे प्रकरण जरूर वाचावं. लढतीच्या आदल्या रात्री ‘हरून घरी येऊ नकोस’ असं सहज बोलून जाणारी माणसं आपल्या आसपास पुष्कळ आहेत. त्या मुलाच्या कानात तिसऱ्या फेरीत नेमकं तेच वाक्य घुमत असतं.

योजना सुटण्याची बाकीची कारणंही याच मापानं मोजता येतात. पहिलं कारण पाय. लांब राहून लढणं हे सर्वांत दमवणारं काम आहे. पाय जड झाले की माणूस थांबतो, आणि थांबलेल्याला भिडण्यावाचून उपाय राहत नाही. प्रेक्षकांना जो बेदरकारपणा वाटतो तो कित्येकदा संपलेला दम असतो. यावरचं औषध म्हणजे पहाटेची धाव. भाषणं देऊन हे सुधारत नाही.

दुसरं कारण जखम आणि घड्याळ. १५ एप्रिल १९८५ रोजी लास व्हेगासमध्ये मार्विन हॅगलर आणि थॉमस हर्न्स भिडले. हर्न्स सहा फूट एक इंच, लांबलचक हातांचा. हॅगलर त्याच्याहून तीन-चार इंचांनी बुटका, पण मिडलवेट गटात मुरलेला. घंटा होताच हॅगलर थेट अंगावर गेला. हर्न्सला जॅबचं कुंपण घालायला सवडच द्यायची नाही, हा त्यामागचा विचार. हॅगलरचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांवर येऊ लागलं, तिसऱ्या फेरीत पंचानं डॉक्टरला जखम दाखवली. लढत थांबवली जाण्याचा धोका आहे हे ओळखून त्यानं जोर आणखी वाढवला आणि त्याच फेरीत हर्न्सला संपवलं. सगळं मिळून आठेक मिनिटं. पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते. हॅगलरनं मात्र क्षणभरही अंतर हर्न्सच्या हाती दिलं नाही.

तिसरं कारण डिवचणं. २० जून १९८० रोजी मॉन्ट्रियलला रॉबर्टो दुरानसमोर शुगर रे लेनर्ड आपला चपळ खेळ सोडून ठोशाला ठोसा देत राहिला. दुराननं आधीचे अनेक दिवस त्याला बोलून बोलून पेटवलं होतं. लेनर्ड हरला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये तो पुन्हा नाचत, निसटत लढला आणि आठव्या फेरीत दुराननं लढतच सोडली. लेनर्ड काही अंगानं दुरानहून लहान नव्हता, पण मोह कसा लावला जातो आणि पाच महिन्यांत तो कसा जिंकता येतो, हे दाखवणारी इतकी चांगली जोडी दुसरी नाही.

चौथं कारण आपण, म्हणजे पाहणारे. जत्रेतल्या कुस्तीत वजनाचे गट नसत. पंचांनी नजरेनं जोड लावायची, पोरानं शड्डू ठोकायचा. तिथे खडाखडी लांबली की भोवतालचं कडं ओरडायला लागतं. बॉक्सिंगच्या प्रेक्षकांचंही तेच. मागे सरणाऱ्या लहानग्याला पळपुटा म्हणणारा आवाज पहिल्या रांगेतून येतो, आणि त्या आवाजाला स्वतः एकही ठोसा खायचा नसतो. आपण काय लक्षात ठेवतो, तेही पाहा. नेसरीच्या सात वीरांवर कुसुमाग्रजांनी कविता लिहिली, तिचं गाणं घराघरांत पोचलं, आणि ते पोचायलाच हवं होतं. पण उंबरखिंडीचं नाव किती शाळकरी मुलांना ठाऊक असतं? ज्या समाजाला धाव पाठ असते आणि वाट पाहणं पाठ नसतं, त्याची पोरं धावतच सुटतात.

म्हणून कर्जतचं आणखी एक नाव इथे घेतलंच पाहिजे. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा तरुण १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन रानात उतरला. समोर ब्रिटिश साम्राज्य. त्यांच्या पोलिसांशी मैदानात भिडण्याइतकी माणसं दस्त्याकडे नव्हती. पण मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला लागणारी वीज खोपोली आणि भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रांतून, याच डोंगरांतून जात होती. दस्त्यानं विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरे करवतीनं कापले. बलाढ्याचं बळ ज्या बारीक तारेवर टांगलेलं असतं ती शोधणं, ही लहानाच्या लढाईतली सर्वांत अवघड विद्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. पण पराभवानं योजना चुकीची ठरत नाही, जसं विजयानं मूर्खपणा बरोबर ठरत नाही. ज्याला लढवय्ये घडवायचे आहेत, त्याला निकालापलीकडचं हे पाहता आलं पाहिजे.

या सगळ्याला शरीराची किंमत आहे, आणि ती ठोसे घेणाऱ्यालाच मोजावी लागते. सतत डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सरांच्या मेंदूला होणाऱ्या इजेचं वर्णन हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरनं १९२८ मध्येच केलं होतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी झालेल्या लढतीनंतर कोरियाचा किम दुक-कू दगावला, आणि त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. अधिकृत स्पर्धांत वजनाचे गट काटेकोर असतात, पण छोट्या गावांतल्या सरावात मुलं मोजकीच असतात आणि चाळीस किलोच्या पोरासमोर पन्नास किलोचा सहज उभा केला जातो. खरी काळजी तिथे घ्यायला हवी, कारण तिथे पंचही नसतो आणि डॉक्टरही नसतो.

हे पुस्तक म्हणूनच दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला वाचक स्वतः लढणारा: कर्जत, नेरळ, खोपोलीतली ती मुलं-मुली, ज्यांना आरशात आपण जोडीदारापेक्षा लहान दिसतो. त्यांना मी एवढंच सांगेन, की अंगावर जायला घाबरू नका. पण जाण्याआधी ही जागा मी निवडली आहे का, हे स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. सरावात हा प्रश्न इतक्या वेळा विचारा, की लढतीत तो पायांनाच आठवेल.

दुसरा वाचक कॉर्नरमध्ये उभा राहणारा. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा लढले. चौदा फेऱ्या झाल्या, फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, आणि तरी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठायचं होतं. त्याचा प्रशिक्षक एडी फच यानं त्याला उठू दिलं नाही. त्या दिवशी जगज्जेतेपदाची संधी गेली. फ्रेझर त्यानंतर छत्तीस वर्षं जगला. शूर पोरं आपल्याकडे पूर्वीही होती, पुढेही निपजतील. त्यांना धाडस शिकवावं लागत नाही. आपल्याला घडवायची आहेत ती वेळेवर ‘थांब’ म्हणणारी, आणि ज्यांचा शब्द पोरं मानतील अशी, कॉर्नरमधली माणसं. या पुस्तकानं तालुक्यात असा एक जरी प्रशिक्षक तयार केला, तरी ते लिहिल्याचं सार्थक होईल.